वाट पाहू नका

बाबांच्या खोलीची खिडकी उघडत नव्हती. आजारपणातली खाट तिला टेकून होती आणि बाबा गेल्यावर ती हलवायचा धीर घरात कुणालाच होत नव्हता. खाट आणि टेबल यांच्या बेचक्यातल्या खुर्चीवर मुलगी अंग चोरून बसली होती. दारात बाबांच्या ऑफिसातले काका ताटकळत उभे. टेबलावरचा बाबांचा लॅपटॉप कंपनीचा, आजच नेऊन पुसून कोरा करायचा होता.

"बाबांचं काही राहिलं असेल तर बघून घे, बाळ. नंतर मिळायचं नाही."

बाबा बसथांब्यांवरच्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांचं सॉफ्टवेअर सांभाळत. तीही त्याच धंद्यातली. फायलींतल्या बदलांचा इतिहास राखणाऱ्या प्रोग्रॅमला तिने विचारलं, शेवटच्या नोंदीनंतर काय बदललं? पापणी लवायच्या आत उत्तर आलं: काहीही नाही.

"झालं तर मग," काकांनी हात पुढे केला.

"थांबा काका. इतक्या झटकन?"

बाबा तर शेवटपर्यंत या खाटेवर लॅपटॉपवर टकटक करत होते. मग तिला आठवलं. हजारो फायली दर वेळी तपासत बसतो म्हणून बाबा प्रोग्रॅमवर करवादायचे. शेवटी पाट्यांवरच्या मजकुराचा अख्खा फोल्डर दाखवून त्यांनी त्याला बजावलं होतं: इथे काही बदलत नाही, मागचंच उत्तर खरं धर, उघडून बघू नकोस. "आता कसा सुतासारखा सरळ आला!" म्हणून हसलेही होते. पुढे तिथेच हात घातला आणि स्वतःचीच ताकीद विसरले असतील तर?

तिने ती ताकीद काढून टाकली. प्रोग्रॅम एकेक फाईल चाळू लागला.

"ठीक आहेस ना गं?" आतून आईने विचारलं.

"हो," ती सवयीने म्हणाली.

एक फाईल बदललेली निघाली. त्यात एकच ओळ. बस रद्द झाली तरी पाटीवर 'बस येत आहे' असंच दिसे. यावरून बापलेकीची नेहमी जुंपायची.

"लोकांना कशाला झुलवत ठेवता, बाबा?"

"अगं, तेवढ्या आशेवर माणूस उभा राहतो!"

आता तिथे होतं: 'बस येणार नाही. वाट पाहू नका.'

नोंद केली नाही तर ही ओळ आज पुसली जाणार. केली, तर बाबांचं शेवटचं अर्धं काम संपणार. तिचं बोट बटणावर तसंच राहिलं. काका खाकरले.

तिने बाबांच्या नावाने नोंद केली, ऑफिसच्या सर्व्हरवर पाठवली आणि प्रोग्रॅमला पुन्हा विचारलं. काहीही बदललेलं नाही. या वेळी त्याने उघडून पाहिलं होतं.

लॅपटॉप काकांना देऊन ती उठायला गेली. खुर्ची खाटेला अडली.

"काका, ही खाट जरा ओढू लागता? मला निघता येत नाहीये."