माडी भरली

"माडी उघडू का रे?" लोरीनं विचारलं, आणि इदवल पॅरीची नजर छताकडे गेली.

लोरी चॅपलची, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराची, झाडलोट बघायची, तो तिथला कारभार पाहणारा पंच. दोघं एकाच आळीत वाढलेले.

"गोरॉन्वी गेलाय. सगळं खोरं लोटेल त्याला पोचवायला. खाली काय एकमेकांच्या मांडीवर बसवणारेस?"

नको म्हणावं, तर कारण सांगावं लागणार. तेवढी छाती इदवलला नव्हती. "उघड," तो म्हणाला.

वसंतात इमारतीचा तपासनीस यायच्या आधी त्यानं गुपचूप शिडी लावली होती. माडीवरच्या छतातली भेग भरली, वर चुना फासला. भेग दिसली असती तर त्याच दिवशी चॅपलला कुलूप लागलं असतं. एरवी रविवारी येणार कोण, तर डझनभर म्हातारे, तेही खाली बसणारे. त्यांच्या गाण्यानं काय छत पडतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

खाणीतली पाळी सुटल्यावर तिथला, पाट्या करतात तो काळा दगड पाठीवर वाहून त्याच्या पणजोबांच्या पिढीनं ही इमारत उभी केली होती. बाहेरून अगदी धान्याचं कोठार. ना क्रूस, ना रंगीत काच. सारी हौस छतावर केलेली: गिलाव्याचं, गाडीच्या चाकाएवढं गुलाबफूल. पाकळ्या पणजोबांच्या हातच्या. त्या फुलापायी इदवल खोटं वागला होता.

दुपारी भिंतींलगतची माडी तिन्ही बाजूंनी भरली. पुढच्याच बाकावर त्याची लेक, नेरिस.

पंच बसायचे प्रवचनाच्या मंचाखाली. गीत लागलं की त्यांनी उठून मागं वळायचं, लोकांकडे तोंड करून गायचं, ही जुनी रीत. त्यामुळे लोकांना मंच दिसत होता आणि इदवलला माडी. इथली गीतं जन्मभर गोरॉन्वीनंच सुरू करून दिलेली. आज त्याच्यासाठी सगळे जीव ओतून गात होते. इदवलचे नुसते ओठ हलत होते. शेवटचं कडवं आलं. मन भरून आलं की हे लोक ते कडवं परत घेतात, आणि परत घेतात ते दुप्पट जोरानं.

नेरिसच्या काळ्या हॅटवर पांढरी भुकटी पडली. तिला पत्ताही नव्हता.

इदवलनं हात वर केला. चालू गीत त्या चॅपलमध्ये आजवर कुणी थांबवलं नव्हतं. एकेक आवाज विरत गेला.

"माडीवरचे, हळूहळू खाली या. धावू नका. छत तडकलंय." त्यानं हात खाली घेतला. "मला माहीत होतं. मीच लपवलं."

"आणि माडी माझ्या हातानं उघडायला लावलीस," लोरी म्हणाली. त्याला तिच्याकडे बघवेना.

माणसं उतरली, पाठोपाठ शवपेटी अंगणात आली. छत काही पडलं नाही. उगाच घाबरवलं, असंही कुणीतरी पुटपुटलं. इदवलनं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि किल्ली लोरीच्या हातात दिली. आता ते दार पुन्हा उघडणं कठीण, हे दोघांनाही कळत होतं.

"गोरॉन्वीचं कडवं राहिलंय," ती किल्ली मुठीत धरून म्हणाली, आणि तिनंच सुरुवात केली.

रीतीप्रमाणे इदवलनं लोकांकडे वळायला हवं होतं. तो वळला नाही. बंद दाराकडे तोंड करून तो गायला, आणि लोकांनी कडवं परत घेतलं तेव्हा पुन्हा गायला. नेरिस त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हॅटवरची भुकटी तशीच होती.