टॉर्च धरणारी

रात्रीच्या शहरात माणसं असतात, ही गोष्ट छायाचित्र मंडळाला मान्य नव्हती. ट्रायपॉड हवा, क्षितिज सरळ हवं आणि शटर अर्धा मिनिट उघडं हवं. म्हणजे मधून जाणारे-येणारे आपोआप पुसले जातात आणि स्वच्छ शहर उरतं. अध्यक्ष खिशात सपाटी बघायची गवंड्याची पाणसळ बाळगत आणि प्रत्येक फोटोवर ती टेकवून बघत. माघारी त्यांना सगळे पाणसळच म्हणत. समोर ‘सर’.

दातांचे डॉक्टर हे मंडळातले सर्वांत आज्ञाधारक सभासद. तरीही वार्षिक प्रदर्शनात त्यांचा फोटो एकदाही लागला नव्हता. मेहुण्याचा लागला होता, आणि मेहुणा ते विसरू देणाऱ्यांतला नव्हता. घरी आला की बैठकीतल्या रिकाम्या भिंतीकडे बघून म्हणे, “भावजी, इथे काहीतरी लावा की. निदान कॅलेंडर.”

अंधारात कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही. यावर डॉक्टरांचा तोडगा म्हणजे बायको. तिने टॉर्च घेऊन पुलाच्या पार पलीकडच्या टोकाला जायचं, डॉक्टरांनी त्या ठिपक्यावर फोकस बांधायचा, मग तिने टॉर्च विझवून चौकटीबाहेर व्हायचं. इतक्या वर्षांत ती एकाही फोटोत आली नव्हती. हे डॉक्टर अभिमानाने सांगत.

छाननीच्या आदल्या रात्री तिचे गुडघे दुखत होते. ती अर्ध्या पुलापर्यंत गेली आणि बाकावर बसली.

“पोचलीस?” डॉक्टरांनी हाक मारली.

“पोचले.”

कुठे, हा विषय दोघांनीही काढला नाही. लांब पल्ल्याच्या लेन्समधून ठिपका तो ठिपकाच; डॉक्टरांनी त्यावर फोकस बांधला. तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला आणि उठायचं राहिलं. डॉक्टरांनी नेहमीइतकं थांबून, घड्याळाकडे बघत बटण दाबलं. मग कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

घरी फोटो उघडला तर शहराचे नुसते गोल गोल डाग झाले होते. डावीकडे बाकावर बायको. मांडीवर टॉर्च जळतोय, कानाला फोन, मोकळ्या हाताचा पंखा झालेला, आणि ती हसतेय.

दुसरा फोटोच नव्हता. डॉक्टरांनी तोच छापून छाननीला नेला.

अध्यक्षांनी पाणसळ टेकवली. “बाई हलल्यात.”

“बहिणीशी बोलत होती.”

“तरीच,” कोणीतरी म्हणालं. एकेक जण उठून फोटोभोवती जमला. मेहुणा बराच वेळ वाकून बघत राहिला. “ताई अजून अशी हसते?”

“डावी बाजू कापा,” अध्यक्ष म्हणाले. “उरलेलं नियमात बसतं. यंदा लावतो.”

डॉक्टरांनी बायकोवर तळवा ठेवून पाहिलं. डाग उरले.

“सर, हे तर सगळं धूसर आहे.”

“धूसरपणाबद्दल आपला नियम नाही.”

डॉक्टरांनी तळवा काढला, फोटो गुंडाळला आणि घरी आणला. प्रदर्शनात त्यांच्या जागी पुलाचा आणखी एक फोटो लागला.

“अहो, सांगायचं तरी,” बायको म्हणाली. “केस तरी नीट केले असते.”

“केस नीट करून उठून गेली असतीस,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी रिकाम्या भिंतीत खिळा ठोकला.

रविवारी मेहुणा आला. मान वाकडी करून म्हणाला, “भावजी, जरा तिरका लागलाय.”

“असू दे,” डॉक्टर म्हणाले.