जियाच्या वाट्याची नऊ नावं

अश्फाकभाई माझे थोरले दीर. लग्नाला तेरा वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या बुधवारी चढवला. त्याचा मला अजून पश्चात्ताप झालेला नाही आणि होईल असं वाटतही नाही.

इथे आखातात, अल गराफाला त्यांच्या घरच्या मोठ्या खोलीत दर शुक्रवारी, जुम्याच्या नमाजनंतर, ते आमच्या रत्नागिरी-रायगडकडच्या पोरांना दीन, म्हणजे आपला धर्म, शिकवतात. फुकट शिकवतात आणि मनापासून शिकवतात, हे कबूल. आठवडाभर रास लफानच्या गॅस प्लांटवर क्रेनखाली उन्हात उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी वीसेक पोरांचा गोंगाट सोसायचा, हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. या वर्षी त्यांनी सिफत घेतल्या होत्या, म्हणजे अल्लाहचे गुण. पोरं एका सुरात म्हणायची, "अल्लाह ऐकतो, कानांशिवाय. अल्लाह पाहतो, डोळ्यांशिवाय. अल्लाह बोलतो, जिभेशिवाय." वर्षाच्या शेवटी कार्यक्रम ठरला. मोठ्या अकरा पोरांनी उभं राहायचं आणि प्रत्येकानं नऊ, अशी अल्लाहची नव्व्याण्णव नावं म्हणायची.

तिसरा नंबर माझ्या जियाचा होता. जिया दहा वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही.

शाळेत ती खुणांची भाषा शिकते. क्लासमध्ये पहिल्या रांगेत बसून भाईंचे ओठ वाचते आणि सुटलेलं त्यांच्या मुलाच्या, फुजैलच्या वहीतून उतरवून घेते. नऊ नावांसाठी ज्या खुणा शाळेत नव्हत्या, त्या आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून जुळवल्या. अल-काबिद, आवळून धरणारा: मूठ मिटायची. अल-बासित, मोकळं करणारा: मूठ उघडायची. अल-खाफिद, खाली उतरवणारा. अर-राफिअ, वर उचलणारा. शेवटची दोन सोपी होती. अस-समीअ, सगळं ऐकणारा, तर कानाला बोट. अल-बसीर, सगळं पाहणारा, तर डोळ्याला बोट. दोन महिने पोरीनं दुसरं काही केलं नाही. तिचा बाप, उस्मान, सकाळी वेस्ट बेच्या ऑफिसला निघाला की त्याला दारात अडवून नऊच्या नऊ दाखवायची. मग त्याला बूट घालू द्यायची.

आणि बुधवारी भाई आले, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, "हजरा, जियाची नावं फुजैल म्हणंल. ती रांगेत उभी राहू दे. नुसते ओठ हलवले तरी चालंल."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "का?"

"नूरी सांगत होती, कानाला बोट लावते ती. बघणाऱ्याला काय वाटंल? अल्लाहला आपल्यासारखे कान हायत? तौबा. सिफत अशी अंगावर दाखवायची नाय. लहान पोरं हायत, डोक्यात चुकीचं बसलं की निघत नाय."

नूरी म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. तिनं दारातून दोन मिनिटं पाहिलं होतं. भाईंनी तेवढंही पाहिलं नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि 'ऐकतो' हा शब्द तुमी कुठून आणलात, भाई? तोपण माणसाच्या कानावरूनच आलाय ना? तुमी तोंडानं 'ऐकतो' म्हटलंत की कुणाला कान दिसत नायत. माझ्या पोरीनं बोट लावलं की लगेच दिसतात?"

"आता तू मला शिकवणार?"

"शिकवते. जो जिभेशिवाय बोलतो त्याचं नाव घ्यायला माझ्या पोरीची जीभ कशाला लागते तुमाला?"

उस्मान सोफ्याच्या कडेला सरकला. भांडण पेटलं की तो नेहमी कडेला सरकतो.

मी थांबले नाही. "प्लांटवर कानाला मफ लावून तुमी क्रेनवाल्याला हात दाखवता. हात वर केला की चाळीस टन हवेत जातं, मूठ धरली की थांबतं. तिथं एक शब्द लागत नाय तुमाला. तिथं हात चालतात. माझ्या पोरीचे हात मात्र चालत नायत!"

"ते काम हाय, हा दीन हाय. खलास, ठरलं." त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि निघून गेले.

"जाऊ दे ना, हजरा," उस्मान म्हणाला. "त्यांच्या मनात वाईट नाय."

हे वाक्य मी दहा वर्षं ऐकते आहे. जियाला वाढदिवसाला बोलवायचं विसरणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. तिच्यासमोर 'बिचारी' म्हणणाऱ्यांच्याही नव्हतं. मनात वाईट नसलेली ही माणसं मला आता नकोशी झाली आहेत. असं उस्मानला तोंडावर सांगितलं आणि वळून पाहिलं, तर जिया स्वयंपाकघराच्या दारात उभी. केव्हापासून, कोण जाणे. तिनं हातानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. खोटं बोलले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि आत गेली.

शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर कार्यक्रम सुरू झाला. खोली गच्च भरली होती. एका बाजूला पुरुष, एका बाजूला आम्ही बायका, मागे टेबलावर नूरीनं केलेली सांदणं झाकून ठेवलेली. समोर अकरा पोरं. पहिल्यानं नऊ म्हटली, दुसरीनं नऊ म्हटली. तिसरा फुजैल पुढे आला. जिया त्याच्यामागे नुसती उभी होती, ओठ घट्ट मिटून.

मी उठले. उस्मान पुरुषांमध्ये बसला होता म्हणून त्याला माझी ओढणी खेचता आली नाही. पुढे जाऊन मी जियाचा हात धरला आणि तिला फुजैलच्या शेजारी आणलं. "फुजैल, बाळा, तू तुझी म्हण. ही नऊ जियाची हायत."

तो लगेच मागे सरला. पोराला सुटल्यासारखं झालं होतं.

"हजरा," भाई खालच्या आवाजात म्हणाले. पाहुण्यांसमोर त्यांना ओरडता येत नव्हतं आणि मला ते पक्कं ठाऊक होतं.

"मी म्हणते, ती दाखवते," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले आणि सुरुवात केली. "अल-अलीम!" अल्लाहचं नाव असं भांडं आपटल्यासारखं घेऊ नये, हे मला कळत होतं. पण आवाज माझ्या ताब्यात नव्हता. जियाचे हात मात्र शांत होते. मूठ मिटली, मूठ उघडली. तळवा सावकाश खाली गेला, मग वर आला. मागे बसलेले दोघे प्लांटवाले एकमेकांकडे बघून हसले. ही खूण ते रोज बघतात.

सात नावं झाली. आठव्याला माझीच जीभ अडली. कानाला बोट लावलं की भाई उठणार आणि सगळ्यांसमोर माझ्या पोरीला चुकीची ठरवणार. खूण बदल, असं तिला सांगायला हवं होतं. रागाच्या भरात मी दोन दिवस तिला काहीच सांगितलं नव्हतं. जिया माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती.

"अस-समीअ," मी म्हटलं.

तिनं बोट उचललं नाही. दोन्ही तळवे दोन्ही कानांवर ठेवले आणि घट्ट दाबले. मग कान तसेच झाकलेले ठेवून, सरळ भाईंकडे बघत तिनं मान हलवली. हो, ऐकू येतंय.

"अल-बसीर."

तिनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच तिनं मान खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. पुरुष, बायका, पोरं, कुणाला वगळलं नाही.

हे मी शिकवलेलं नव्हतं. मग चौथ्या पोरानं आपली नावं सुरू केली आणि कार्यक्रम पुढे गेला.

निघताना दारात मी चप्पल शोधत होते, तेव्हा भाई आले. डोळे लाल झाले होते. मला त्यांची दया आली नाही.

"कानाशिवाय, डोळ्याशिवाय," ते म्हणाले. "सुब्हानअल्लाह. हजरा, हे तिला शिकवलं कुणी?"

"तुमी," मी म्हटलं. "वर्षभर तुमच्यासमोर पहिल्या रांगेत बसते ती, भाई. तुमी एकदा तरी बघायचं होतंत."