गळका म्हणे मी

मी एक जुना टर्बो आहे आणि मी गळका नाही. ओळख करून देताना कोणी आधी तक्रार सांगत नाही, हे मला कळते. पण माझ्यावर जो आळ आला तो तुमच्यावर आला असता, तर तुम्हीही हेच केले असते.

मित्रांनो, तुमच्यातले कितीतरी जण माझ्यासारख्याच्या जोरावर रोज शाळेत जातात; पण टर्बो दिसतो कसा, असे विचारले तर एकमेकांची तोंडे पाहतील. दोन गोगलगायी पाठीला पाठ लावून बसल्या आहेत असे समजा. तो मी. इंजिनातून निघणारा गरम धूर माझे एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते, आणि इंजिनाला बळ येते. तुम्ही ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत माझा दांडा हजारो फेरे मारून मोकळा होतो. माझा तोल साधावा म्हणून कारखान्यातल्या एका बाईने चाकावरचा केसभर धातू खरवडला होता. इतका मी काटेकोर.

हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल वरून बारीक धारेने येते, दांड्याला न्हाऊ घालते आणि खालच्या पाइपातून निथळून परत इंजिनात जाते. दोन्ही टोकांना सील म्हणून ज्या कड्या असतात, त्या काही बाटलीच्या बुचासारख्या घट्ट नसतात. जेवढे येईल तेवढे निथळले, तरच त्यांची आणि माझी अब्रू राहते.

चार वर्षे मी शाळेच्या बसमध्ये इमानाने राबलो. शाळेआधी एक उभा चढ होता. तो चढून गेलो की ड्रायव्हरकाका स्टिअरिंगवर थाप मारून म्हणत, पोरगं दमत नाही. कौतुक कोणाला आवडत नाही? मीही जरा जास्तच शिट्टी वाजवायचो.

मग बस देखभालीला गॅरेजमध्ये गेली. तिथले मिस्त्री हाताचे कुशल आणि मनाचे मऊ. आठवड्यापूर्वीच त्यांच्यापुढे तेलावाचून जळालेला एक टर्बो आला होता, आणि ते त्यांच्या जिवाला लागले होते. मला तेल पाजणारा पोकळ बोल्ट त्यांनी उजेडात धरला. त्याचे भोक सुईच्या नाकाएवढे. “एवढ्याशातून काय पोट भरणार बिचाऱ्याचं,” असे पुटपुटत त्यांनी ड्रिल लावून ते भोक आगकाडी जाईल एवढे केले. कोणाला सांगितले नाही. चांगल्या कामाची कोण दवंडी पिटतो?

दुसऱ्या सकाळपासून माझ्या नाकातोंडात तेल जाऊ लागले. वरून लोंढा, खाली तोच जुना पाइप. निथळणार किती? दाब एवढा की तेल कड्यांवरून उसळून सायलेन्सरमध्ये उतरले आणि बसमागे निळ्या धुराचे शेपूट निघाले. मुले खोकू लागली. शाळेच्या मोठ्या बाईंनी काकांना बजावले, सोमवारपर्यंत धूर थांबला नाही तर दुसरी बस लावू.

मिस्त्रींनी मला उघडून कड्या बदलल्या. धूर तसाच. पुन्हा बदलल्या. पुन्हा तसाच. काका वैतागून म्हणाले, हा तेल ओकतोय, टाका भंगारात. मी ओरडून सांगितले असते की अरे, मी ओकतोय कारण तुम्ही कोंबताय. पण मला शिट्टीखेरीज भाषा नाही, आणि बंद इंजिनावर तीही नाही. मला भंगाराच्या पिंपात टाकले. भंगारवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. माझ्या जागी नवा टर्बो आला. खोक्यात चकचकीत, सोबत नवा पोकळ बोल्ट. मिस्त्रींनी तो बोल्ट उचलला, डोळ्यापाशी नेला आणि सवयीने ड्रिल हातात घेतले.

मिस्त्रींची लेक गॅरेजच्या सुट्या भागांचे कपाट सांभाळत असे. त्या वेळी ती तीन महिन्यांच्या बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती. तिने विचारले, ड्रिल कशाला? मिस्त्री म्हणाले, जुन्याचंही भोक असंच मोठं करून दिलं होतं, तेल पोटभर जावं म्हणून.

तेवढ्यात बाळाने तिच्या पाठीवर दुधाची गुळणी सोडली. तिने पदराने त्याचे तोंड पुसले.

“बाबा, आजीने आत्ता याला जबरदस्तीने पाजलं म्हणून हा ओकला. आता याचं पोट बदलून आणू का?”

“अगं, तेलावाचून मेलेले टर्बो मी पाहिलेत.”

“आणि बुडून मेलेले?”

मिस्त्रींनी ड्रिल खाली ठेवले. मग त्यांनी स्वतः वाकून मला पिंपातून काढले, दांडा बोटांनी हलवून पाहिला, पुसले आणि बसमध्ये बसवले. माझ्या तोंडाशी दाब मोजायचे गेज जोडले. जुन्या बोल्टावर काटा कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याच्या दुप्पट गेला. नवा, ड्रिल न लागलेला बोल्ट लावला, तर काटा बरोबर आकड्यावर थांबला. साचलेले तेल जळेपर्यंत तासभर धूर निघाला, मग हवा स्वच्छ. नवा टर्बो खोक्यातच राहिला.

सोमवारी काका बस न्यायला आले. इंजिन चालू करून, मागे जाऊन त्यांनी बराच वेळ पाहिले आणि खुशीत म्हणाले, “बरा केलात की हो याला.”

मिस्त्रींना हो म्हणून मोकळे होता आले असते. काकांना तो बोल्ट कधी दिसला नसता.

“त्याला काही झालंच नव्हतं,” मिस्त्री म्हणाले. “मीच त्याला बुडवत होतो.”

मित्रांनो, माया करा, जरूर करा, पण मोजून करा. कोणाच्या तोंडून काही बाहेर पडले, तर त्याला नावे ठेवण्याआधी एवढे तरी विचारा की त्याच्या तोंडात गेले किती. आणि मी बरा झालो असे कोणी म्हणू नका. मी आजारी नव्हतोच.