आरशातली हिरवी साखर

सकाळी साडेआठलाच रांग जिन्यावरून खाली उतरून टायरच्या दुकानापर्यंत आली होती. वर एक बंद पडलेलं कापडाचं दुकान. कपाटं गेली, गालिचे गेले, आणि आता रिकाम्या खोलीत फक्त एक माणसाएवढा आरसा उभा होता. त्या आरशासाठी एवढी माणसं आली होती. कुणी काठी टेकत, कुणी पोर कडेवर घेऊन, कुणी आधीच्या तपासण्यांची पिशवी छातीशी धरून.

माझी नणंद माझ्या दंडाला धरून पायऱ्या चढत होती. ती शिवणकाम करते. नवरा गेल्यावर मशीनच्या जिवावर तिने दोन मुली उजवल्या. अकरा वर्षं तिला मधुमेह आहे, रोज दोनदा पोटाला इन्सुलिनची सुई. गेले पाच आठवडे तिने ती सुई घेतलीच नव्हती, हे मला त्याच सकाळी कळलं.

"आरशाने साखर हिरवी दाखवली, वहिनी. हिरवी म्हणजे बरी," ती म्हणाली. "आधी बघ, मग बोल."

दारात एक बाई वही घेऊन बसली होती. बोलणं लोण्यासारखं. काय होतं, कधीपासून, घरी कोण कोण, कुणाशी अबोला आहे का, असं सगळं ती मायेने विचारायची, लिहून घ्यायची आणि आत जाऊन यायची. तास-तास उभं राहून कंटाळलेली माणसं तिच्यापाशी मन मोकळं करत होती.

आत आरसेबाबा. ना जटा, ना माळा. इस्त्रीचा पांढरा कोट आणि दवाखान्यात शोभेल असा हळू आवाज. त्याने गर्दीतल्याच एकाला उठवून मेन स्विच खाली ओढायला लावला. पंखा थांबला.

"वीज गेली ना? खात्री करून घ्या. आरशाला वीज लागत नाही. त्याला तुमचा प्राण पुरतो."

मग एका म्हाताऱ्याला त्याने आरशासमोरच्या तांब्याच्या पाटीवर हात ठेवायला सांगितला. "आता सगळ्यांनी डोळे मिटा. चाळीस श्वास मोजा. प्राण आरशापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतोच."

मी डोळे मिटले नाहीत. पंधराव्या श्वासाच्या सुमारास काच आतून उजळली आणि पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकू लागल्या.

"ही देवांची लिपी," बाबा म्हणाला. "चोरून बघणाऱ्यांनी वाचू नये. दृष्टी जाते."

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी घाईने डोळ्यांवर तळहात दाबला. मी मात्र वाचली. माझं पोटच त्या लिपीवर चालतं. मी शाळेत संगणक शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी मोठ्यांसाठी फुकट वर्ग घेते. तिथे शिकवते तो पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, त्यात नखाएवढं मेमरी कार्ड, कार्डावर लिनक्स नावाची फुकट मिळणारी हलकी प्रणाली. वीज अगदी थोडी खातो, मोबाइलच्या पॉवर बँकेवरही चालतो. सुरू होताना तो आपण काय काय करतोय हे ओळीओळीने सांगत जातो. देवांच्या लिपीतली एक इंग्रजी ओळ सांगत होती की नेटवर्क सापडलं नाही, तरी पुढे जातोय. समोरच्या बाई त्या ओळीपुढे मान झुकवून बसल्या होत्या.

मग काचेत माणसाची आकृती आली. यकृत लाल.

"यकृतात राग साठलाय, आजोबा. मुलाशी बोलत नाही ना तुम्ही?"

म्हातारा ढसाढसा रडायला लागला. आणि बाबाचा तो हळू आवाज कुठे ऐकलाय ते मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर. फोटो स्टुडिओवाले. सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायचे. "बाई, हे विजेशिवाय किती वेळ चालेल?" असंही त्यांनीच विचारलं होतं, आणि मी खूश होऊन सगळा हिशेब फळ्यावर मांडला होता. त्यांची वही दाखवून मी बाकीच्यांना म्हणाले होते, असं काम करा.

घरी आल्यावर नणंदेला मोजा काढायला लावला. उजव्या पायाच्या बोटांमध्ये जखम, कडा काळ्या. मोजा काढताच वास आला.

"आतलं वाईट बाहेर पडतंय असं ते म्हणाले," ती म्हणाली.

"ती पेटी आहे गं. मी शिकवते तीच."

"तुला सगळीकडे पेट्याच दिसतात. अकरा वर्षं रोज पोटाला टोचून घे, मग मला सांग."

आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल म्हटलं, तर तिने दाराची कडी लावून घेतली. शेवटी दाराबाहेरूनच ठरवलं. उद्या पुन्हा आरशाकडे जायचं. मी खोटी ठरले तर सुईचं नाव काढणार नाही. तो खोटा ठरला तर तिथूनच थेट दवाखाना.

दुसऱ्या दिवशी तिचा हात पाटीवर होता. सगळे डोळे मिटून श्वास मोजत असताना मी पुढे गेले आणि आरशाच्या चौकटीची खालची कड चाचपली. पेटी सारखी उघडावी लागू नये म्हणून जोडणीचं, म्हणजे यूएसबीचं तोंड बाहेर ठेवा, असं मी वर्गात सांगायचे. त्याने तसंच ठेवलं होतं. माझ्या बिनतारी कीबोर्डचा छोटासा तुकडा मी त्यात खोचला आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन बसले.

बाबाने मला बघितलं. ओळखलंही. "बाई, मध्ये येऊ नका."

"नाही येत. चालू द्या तुमचं."

आकृती आली. त्याचा हात कोटाच्या खिशात गेला आणि साखर हिरवी झाली.

"आता हात काढ पाटीवरून," मी नणंदेला म्हणाले. तिने काढला. मी एक बटण दाबलं. साखर लाल. पुन्हा दाबलं, हिरवी. मग यकृत लाल, मग गुडघा पिवळा. पाटीवर कुणाचाच हात नव्हता. लोक डोळे उघडून बघत होते.

मी चित्र बंद केलं. मागे त्याची सत्तावीस चित्रं ओळीने मांडलेली होती, त्यानेच दिलेल्या नावांसकट. मी मोठ्याने वाचत गेले. साखर-हिरवी. यकृत-लाल. म्हातारा-सगळं-ठीक. मूल-होईल. आणि शेवटचं, रडकी-बाई.

तांब्याची पाटी उचलली. खाली नुसतं लाकूड, एकही तार नाही. काचेमागे एक स्क्रीन, चौकटीमागे माझ्या वर्गातल्यासारखाच छोटा संगणक आणि पॉवर बँक. त्याच्या खिशात चित्र बदलायचं बटण.

"मुलाचं मीच सांगितलं होतं, त्या वहीवाल्या बाईंना," कालचा म्हातारा हळूच म्हणाला.

बाबाचा आवाज चढला नाही. "यंत्र निमित्त असतं. श्रद्धा यांची आहे. आणि बाई, शिकवलंत तर तुम्हीच."

"यंत्र शिकवलं. माणसांची औषधं बंद करायला नव्हतं शिकवलं."

काहीजण त्याच्या अंगावर धावले, काहीजण माझ्याच. मी नणंदेला धरून जिन्याकडे निघाले, तेवढ्यात एका बाईंनी माझा पदर ओढला.

"तुम्हाला चालवता येतं ना हे? मग आमचं तुम्हीच बघून द्या. आज आमचा नंबर होता."

इतकी किळस मला बाबाचीही आली नव्हती. नंतर त्या बाईंच्या हातातली तपासण्यांची जाड पिशवी आठवली, आणि किळसही कुणावर काढायची ते कळेना.

नणंदेच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. दोन आठवडे आधी आला असतात तर पट्टीवर भागलं असतं, असं सर्जन म्हणाले. आता ती पुन्हा सुई घेते, आणि पायाऐवजी मोटरवर मशीन चालवते. मी पोलिसांत तक्रार दिली, कागदोपत्री ती चालू आहे.

"मला का नाही विचारलंस?" असं मी तिला दवाखान्यात विचारलं होतं.

"तू हसली असतीस," ती म्हणाली.

खरं होतं. म्हणून मी हे हसण्यासाठी लिहिलेलं नाही. तुमच्या घरात कुणी सुया आणि गोळ्यांना कंटाळलं असेल, तर आधी त्याच्या शेजारी बसा आणि तो कंटाळा ऐकून घ्या. मग त्याच्यासोबत त्या चमत्काराच्या दारी जा आणि एवढंच म्हणा: बरं झालंय ना, मग रक्त तपासून दाखवा. बोटाला टोचून एक थेंब काढायचा, दोन मिनिटांत आकडा कळतो. पाच आठवड्यांत त्या माणसाने तो एक थेंब कधी मागितला नाही, आणि त्या खोलीतल्या कुणीही त्याला विचारलं नाही. तुम्ही विचारा.