तळ्याला जेवू घालणारे टमरेल

मी एक जुने टमरेल आहे. हसलात ना? हसा, मित्रांनो. टमरेल म्हटले की सगळ्यांना एकच जागा आठवते. मी तिथे कधी गेलो नाही. पण मी जे केले ते ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, त्यापेक्षा तिथे गेलो असतो तर बरे झाले असते. मला तर रोजच वाटते.

तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून एका कारागिराने मला घडवले. कान जरा वाकडाच जोडला. तळ्याकाठच्या एका मच्छीमाराने मला घेतले ते त्या कानामुळेच. त्याच्या जाड बोटांना तो बरोबर बसला.

त्याचे आणि त्याच्या बायकोचे पोट त्या तळ्यावर होते. पाणी नितळ, पण मासे थोडे. म्हणून ती दोघे होडीतून जाऊन पाण्यात थोडे खत टाकत. खतामुळे पाण्यात अगदी बारीक शेवाळ वाढे. ते शेवाळ पिसवांएवढे जीव खात, त्या जिवांना लहान मासे खात आणि लहान माशांना मोठे मासे. घरात या कामाला नाव होते, 'तळ्याला जेवू घालणे'. वाढायला अर्थातच मी.

पण वाढण्याआधी बायको बाही वर सारून कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवायची. नखे दिसली तर म्हणायची, "भूक आहे हो. वाढा एक टमरेल." नाही दिसली तर, "पोट भरलंय. चला घरी."

मासे चांगले वाढले. मच्छीमार पाहुण्यांना सांगे, "या टमरेलाला यश आहे बघा." मला पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारची खुंटी मिळाली. टमरेलाला याहून मोठा मान तो कोणता?

मग बायकोची आई अंथरुणाला खिळली आणि ती माहेरी गेली. बरेच महिने आली नाही. घरात ज्याला वाढावे असे कोणी नव्हते, म्हणून तो तळ्यालाच वाढत सुटला. "घे बाबा, पोटभर जेव," म्हणायचा. हात बुडवून पाहणे हे तिचे काम, असे त्याच्या मनात पक्के होते. त्यात पाणी हिरवे झाले होते, आणि हिरवे म्हणजे तरारलेले, हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

हिरवा रंग दाट झाला. तळाशी ऊन पोहोचेना, तिथल्या पाणवनस्पती कुजल्या. मोठे मासे त्यांच्याआड दबा धरून शिकार करत. आता आडोसाही नाही आणि समोरचे दिसतही नाही. लहान माशांचे फावले. ते इतके वाढले की त्यांनी पिसवांएवढे सगळे जीव फस्त केले. मग शेवाळ खायला कोणी उरलेच नाही.

जाळ्यात बारीक मासळीच येऊ लागली. ती बघून तो कळवळला. "उपाशी दिसतात बिचारे," म्हणाला, आणि मला खतात दोनदा बुडवू लागला. मी भरत होतो, रिकामा होत होतो. टमरेलाला 'नाही' म्हणता येत नाही, हे खरे. तरी मन खातेच.

बायको परत आली आणि आल्या आल्या होडीत बसली. हात बुडवला.

"अहो, माझा हात कुठंय?"

"तुझ्याच खांद्याला आहे की."

ती हसली नाही. "नखं जाऊ द्या, मनगटसुद्धा दिसत नाही. किती वाढलंत हो?"

"मासे उपाशी वाटले गं."

"आणि थांबायचं कधी?"

"जेवणाऱ्याला बास कसं म्हणायचं?" तो पुटपुटला.

मग ढगाळ, बिनवाऱ्याचे दिवस आले. एका पहाटे मासे पाण्यावर तोंडे काढून आ वासत होते. शेवाळाने आणि तळाच्या कुजण्याने रात्रभरात पाण्यातला प्राणवायू संपवला होता. मच्छीमार मला घेऊन कमरेएवढ्या पाण्यात शिरला. पाणी भरून घ्यायचा आणि उंचावरून ओतायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा ओतायचा. पाण्यात हवा मिसळावी म्हणून. एका टमरेलाने तळ्याला श्वास पुरतो का? ऊन वर आले तेव्हा मोठे मासे पोट वर करून तरंगत होते. शेवटी बायकोनेच त्याच्या हातातून मला सोडवले.

त्या दिवसापासून खत बंद. पण आम्ही टाकलेले तळाच्या चिखलात साठले आहे आणि अजून हळूहळू वर येते. मी पायरीखाली गंजत पडलो आहे. खुंटीवर मला नको वाटते, आणि त्यालाही मी समोर नको असावा.

मित्रांनो, प्रेमाने वाढा, पण आधी हात बुडवून बघत जा. दुसऱ्या कोणाचे काम म्हणून सोडू नका.

आता रोज सकाळी मच्छीमार स्वतःच हात बुडवतो. मनगटावर पाण्यात चालणारे घड्याळ असते. बायको काठावरून विचारते, "काय दिसतंय?"

"घड्याळ दिसतंय."

"वाजले किती?"

तो बराच वेळ वाकून बघत राहतो.

"ते नाही दिसत अजून."

"मग उद्या बघा," ती म्हणते. मी पायरीखालून ऐकत असतो.