आयुष काय म्हणतोय

कवठे येमाईत सतीशच्या घरी कुणीही आलं, की पाणी पिऊन झाल्यावर आयुषकडे बघायचं आणि सीमाला विचारायचं, काय म्हणतोय गं हा? मग सीमा सांगायची. आयुष तिचा धाकटा भाऊ, पंधरा वर्षांचा. जन्मताना श्वास कोंडला आणि मेंदूला इजा झाली. पायांत जोर कधी आलाच नाही, शब्द घशातच घुटमळत राहिले. उजवा हात तेवढा मनासारखा हलायचा, तोही आपल्या सवडीनं. डोकं मात्र शाबूत होतं. ही गोष्ट ठामपणे माहीत असलेली माणसं गावात दोनच: एक सीमा आणि दुसरा खुद्द आयुष.

आई धुरपदा त्याच्यावर जीव टाकायची. न्हाऊ घालायची, भरवायची, शिबिरात मिळालेल्या चाकाच्या खुर्चीत उचलून बसवायची. पण त्यानं आवाज काढला की तिची हाक सीमालाच. वडील सतीश रांजणगावच्या कंपनीत, शिफ्ट करून घरी यायचे ते झोपायलाच.

दोन हजार सातच्या ऑगस्टमध्ये सीमाचा दौंडला नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागला. शिरूरला पोपटरावांच्या इंटरनेट कॅफेत तिनं यादीत आपलं नाव पाहिलं, तेव्हा आधी आनंदानं छाती भरून आली आणि मग आयुष आठवला. दौंडला हॉस्टेलवर राहायचं म्हणजे आठवडाभर आयुषचं बोलणं बंद. तीन आठवड्यांत हजर व्हायचं होतं. पोरगी मुळातच अबोल. तिनं घरी कुणाला पत्ता लागू दिला नाही.

पण कॅफेतल्या प्लायवुडच्या खोपटात बसून तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत शोधून पाहिलं, भाऊ अपंग असेल तर बहिणीनं काय करावं. शोधता शोधता एक ग्रुप सापडला. अपंग मुलांची भावंडं तिथं एकमेकांना लिहायची, बरीचशी मराठीतच, फक्त अक्षरं इंग्रजी. कुणी लिहिलं होतं, लग्नात भावाला आतल्या खोलीत बसवलं, त्याची अजून लाज वाटते. कुणी लिहिलं होतं, कधीकधी बहिणीचा राग येतो आणि मग रात्रभर झोप येत नाही. सीमाला वाटायचं, असले विचार येणारी जगात आपण एकटीच नालायक. तिथं तर रांग लागली होती. लोडशेडिंगची वेळ झाली म्हणून पोपटरावांनी उठवेपर्यंत ती वाचत राहिली.

पुढच्या खेपेला तिनं आपलं लिहिलं. चार दिवसांनी अकोल्याच्या ललिताचं उत्तर आलं. तिची धाकटी बहीण आयुषसारखीच होती. ललिता मोजकंच लिहायची, पण सरळ लिहायची. "तू त्याची बहीण आहेस, त्याचं तोंड नाहीस," असं लिहून तिनं पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवायला सांगितलं. पाहिजे त्या चित्रावर तो हात ठेवेल, न शिकलेल्या माणसालाही ते कळेल. धुरपदाला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे सीमाला ही युक्ती फारच पटली.

तिनं झोकात पाटी बनवली. पाणी, चहा, भाकरी, संडास, झोप, आई, सीमा. मधोमध मोठी वाटीभर खीर, कारण बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या घराघरातून आयुषसाठी खिरीची वाटी यायची. आयुषनं पाटीकडे पाहिलं आणि हाताच्या एका फटक्यात ती खाली पाडली. तीन वेळा ठेवली, तीन वेळा पाडली.

सीमानं आईला सांगितलं, त्याला नाही जमत. आणि खरं सांगायचं तर तिला आतून बरं वाटलं. आपल्यावाचून याचं चालत नाही, म्हणजे दौंडचा विषय मिटला. दुसऱ्याच क्षणी स्वतःची इतकी शरम वाटली की जीप पकडून ती शिरूरला गेली आणि हेही तिनं ग्रुपवर लिहून टाकलं. यावेळी ललिताचं उत्तर तासाभरातच आलं, जेमतेम ओळभर. चित्रं कुणी निवडली, त्यानं की तू?

सीमा घरी येईपर्यंत धुमसत होती. पण रविवारी तिनं जुने पेपर आणि कॅलेंडरं आयुषपुढे पसरली आणि एकेका चित्रावर बोट ठेवत गेली. हवं ते आलं की त्यानं हात उचलायचा. अख्खा दिवस गेला. पाणी, भाकरी त्यानं सोडून दिली. ती तर न मागता मिळत होती. त्यानं घेतला रस्ता, रेडिओ, क्रिकेटची बॅट. एक बंद दार घेतलं, म्हणजे मला जरा एकटं सोडा. आणि एक लाल फुली, नको म्हणायला.

खिरीचं चित्र सीमानं लाडानं पुढे केलं. आयुषनं त्यावर हात ठेवला आणि तोच हात फुलीवर आणला.

"तुला खीर आवडत न्हाई? कवापासनं?"

तो इतका हसला की लाळ गळली. आठ वर्षांची असताना सीमानं वस्तीभर सांगितलं होतं, आयुषला खीर लई आवडते. आवडत तिलाच होती. तेव्हापासून पोरगं दर बुद्धपौर्णिमेला निमूटपणे ती गिळत आलं होतं. सीमाही हसली आणि मग त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून तिनं माफी मागितली. रात्री तिनं त्याची चित्रं नव्या पाटीवर चिकटवली आणि एकेकाचा अर्थ आईला समजावला.

हजर व्हायला चार दिवस राहिले, तेव्हा ती शिरूरला मार्कशीटची झेरॉक्स काढून आली. जावं की न जावं, अजून ठरत नव्हतं. अंगणातच तिला आईचा चढलेला आवाज ऐकू आला. पाटी आयुषच्या मांडीवर होती आणि दोघं कडकडून भांडत होते. आयुष रस्त्यावर हात आपटत होता, धुरपदा ऊन लई हाय म्हणत होती. चार वाजता नेते म्हटलं की त्याचा हात फुलीवर. शेवटी तो बंद दारावर गेला आणि धुरपदा म्हणाली, जा मग, मलाबी बोलायचं न्हाई.

सीमाला कुणी हाक मारली नाही. तिची कुणाला आठवणच नव्हती. ती तिथंच पायरीवर बसली आणि रडली. वर्षानुवर्षं डोक्यावरून वाहिलेलं ओझं कुणीतरी सहज उतरवून घेतलं होतं आणि मान मोकळी झाली होती. आई घाबरून बाहेर आली, तेव्हा तिनं दौंडचं सगळं सांगून टाकलं.

धुरपदानं पदरानं तिचे डोळे पुसले. मग म्हणाली, "कवा जायचं?"

"सोमवारी. शनिवारी येत जाईन."

"धुणं हितंच आणत जा. तिकडं पाण्याचं कसं असतंय कुणाला ठावं."

आतून पाटीवर थापा पडत होत्या. धुरपदानं आत डोकावून पाहिलं, हात रस्त्याच्या चित्रावर पडत होता, आणि ती लेकीकडे वळली.

"त्यो म्हणतोय, स्टँडपातूर त्योबी येणार तुला सोडायला."

सीमानं सवयीनं मान वळवून आयुषकडे पाहिलं. त्यानं हात उचलला. आईनं बरोबर सांगितलं होतं.